दोन मिनिटं, विरोधात

पहाटे तीनला निघालो, तेव्हा पिकअपच्या काचेवर
बोटभर बर्फ. दुकानाच्याच एका जुन्या कार्डाने
ते खरवडलं: ‘हॅस्केट हार्डवेअर.
खिळे, बियाणं, काडतुसं.’
ओरेगॉनच्या आमच्या कोपऱ्यातून राजधानी
सात तास. मधे डोंगर, आणि डोंगरापलीकडे
अंगणातलं गवत कापायला माणूस ठेवणारे लोक.

विधेयकाची चौदा पानं मी गल्ल्याशी बसून वाचली होती,
चष्मा दोनदा पुसून.
दर खोक्यामागे परवाना बघा, बोटाचा ठसा घ्या,
संगणकाला विचारा, तो हो म्हणेपर्यंत थांबा.
आमच्याकडे वारा सुटला की इंटरनेट जातं.
आणि सुटतो म्हणजे काय, तो बसतो कधी?

खोलीत गालिचा. टेबलावर तीन रंगांचा दिवा.
“ऑरिन हॅस्केट. विरोधात,” बाईंनी वाचलं.
हिरवा.

मी म्हणालो,
लॉरेटा क्विग्ली एकोणऐंशीची आहे.
तिची कोकरं कूगर नेतो. शेरीफचा माणूस
पोचायला दीड तास, तोही रस्ता कोरडा असला तर.
तिच्या बोटांवर ठसे उरलेले नाहीत, साहेब,
साठ वर्षं कुंपणाची तार ओढून गुळगुळीत झालीत.
तुमचं यंत्र तिला काय सांगणार? की ती नाहीच?
मार्टिन उरिझारच्या फ्रीझरमध्ये
हरणाचं मांस नसलं तर जानेवारीत ताटात काय असतं,
त्याच्या पोरांना विचारा.
मी सगळ्यांना ओळखतो. एकतीस वर्षं
त्या गल्ल्यामागे उभा आहे. कोण पिऊन आलाय,
कोणाचं घरी वाजलंय, कोणाचा हात थरथरतोय,
मला संगणकाच्या आधी कळतं.
दोघांना मी तोंडावर नाही म्हटलंय. त्यातला एक
अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलो.
माणसाला माणसाने ओळखावं, यंत्रानं

पिवळा.

आणि कुठून कोण जाणे, वेन्डल प्रूइट आठवला.
नोव्हेंबर होता. चार वर्षांपूर्वी उसना नेलेला ड्रिल
त्यानं परत आणला होता, पुसून, तेल घालून.
मी म्हटलं, अरे वा, आज सूर्य पश्चिमेला उगवला का?
तो हसला. पॉइंट अडतीसचं एक खोकं घेतलं.
जुनी उधारी चुकती केली, सेंटपर्यंत.
उधारी माझ्या लक्षात आली.
ड्रिल नाही.
त्याचा हात थरथरत नव्हता.

एकोणपन्नास काडतुसं त्याच्या बहिणीनं
दुकानात आणून ठेवली. विचारलं, ही परत घेता का?
मी पैसे दिले.
आणखी काय द्यायचं असतं?

समिती वाट बघत होती. कोणीतरी पेन टकटकवलं.
“धन्यवाद,” मी म्हणालो.
दिवा अजून पिवळाच होता.

माझ्यानंतर एक बाई उठल्या. छातीला मुलाचा फोटो,
दातांना तारा लावलेला मुलगा. त्यांच्याकडून
पाण्याच्या बाटलीचं झाकण निघेना.
मी काढून दिलं. त्या “समर्थनात” होत्या.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही, झाकणाकडे पाहिलं.

परतीच्या रस्त्यावर, जुनिपरची झुडपं सुरू झाल्यावर,
कोणी विचारलं असतं तर मी विरोधातच म्हणालो असतो.
लॉरेटाची बोटं खोटी नाहीत. वाराही.
पण कोणी विचारलं नाही. रेडिओ लागत नव्हता.

सोमवारी ती आली. मेंढ्यांचं मीठ,
बिजागऱ्या दोन, आणि नेहमीचं खोकं.
“एवढा लांब गेलास म्हणे. ऐकलं का त्यांनी?”
“ऐकलं असावं.”
“मग, काय म्हणालास?”
मी खोकं पुढे सरकवलं. म्हटलं, “लॉरेटा,
तू बरी आहेस ना?”
“थंडी आहे,” ती म्हणाली. “सोड की आता.”
तेव्हा लक्षात आलं,
माझा हात अजून खोक्यावरच होता.